बिकानेरची वाळू आणि साडेपाच हजारांची गाडी

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या युनिटच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा कराडहून फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "साहेब, नातवाला रिमोटची गाडी घ्यायचीय. मातीत पळवायची, शर्यत लावायची म्हणतोय. दहा हजाराच्या आत बसेल का? तुम्हाला त्यातलं कळतं असं ऐकलं." मला त्यातलं कळतं ही बातमी कराडपर्यंत कशी गेली कोण जाणे. पण फोनवर पाऊण तास बोललो आणि शेवटी लक्षात आलं, हे एकदा लिहूनच टाकलेलं बरं. तर साहेब, हे तुमच्यासाठी. पाल्हाळ लागेल, सवय आहे तुम्हाला.

सुरुवात पूर्व लडाखपासून करावी लागेल. तेव्हा मी वर होतो. चिरंजीवांचा दहावा वाढदिवस आला. घरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून रेंज मिळाली तेव्हा फोनवरून एक गाडी मागवून दिली. खोक्यावर खडकावर चढणाऱ्या राक्षसी ट्रकचं चित्र, अठराशे रुपये. वाढदिवसाला पोचली, सौ.ने फोटो पाठवला, मी खूश. चार महिन्यांनी सुट्टीवर गेलो तर गाडी कपाटावर, मूळ खोक्यात, व्यवस्थित परत पॅक केलेली. विचारलं तर म्हणाला, "दुसऱ्या दिवशीच बंद पडली. राहू दे बाबा, ती चालत नाही."

तक्रार नाही, रडणं नाही. सहावीपर्यंत पाच शाळा बदललेल्या पोराचा एक आवाज असतो, फौजी घरातल्यांना तो ओळखू येतो. मित्र सुटले, राहू दे. सायकल आधीच्या क्वार्टरमध्ये राहिली, राहू दे. मी त्या दिवशी गाडी उघडून बघायला बसलो. खाली चार स्क्रू निघाले, आत गिअरबॉक्सची दोन्ही अर्धुकं चिकटवून बंद केलेली. फोडली तेव्हा दिसलं, बोराएवढ्या एका प्लास्टिकच्या गिअरचे तीन दात गेले होते. तो गिअर जगात कुठेही विकत मिळत नाही. तीन दातांसाठी अख्खी गाडी भंगार.

पुढे बिकानेरला पीस पोस्टिंग मिळालं आणि अडीच वर्षांनी आम्ही तिघं एका छपराखाली आलो. चिरंजीव तेव्हा तेराव्यात. घरात माझ्याशी तो सभ्यपणे बोलायचा, पाहुण्याशी बोलावं तसं. छावणीतल्या पोरांचा मात्र एक उद्योग चालू होता. फुटबॉल ग्राउंडच्या मागे पडीक जागा आहे, वाळू, खुरटं गवत, मध्ये दोन लहान धोरे. तिथे रविवारी सकाळी रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती. ट्रॅकच्या कडेला विटा, आणि त्या विटांना गेरू-चुना! पोरं फौजेचीच. बाजारातून आणलेल्या स्वस्त गाड्यांपैकी दोन एकाच फ्रिक्वेन्सीच्या निघाल्या होत्या, जुन्या २७ मेगाहर्ट्‌झच्या. एकाने रिमोट दाबला की दोन्ही पळायच्या, आणि मग कोण जिंकलं यावरून भांडण. आमचा कडेला उभा राहून बघायचा. त्याच्याकडे गाडी नव्हती आणि मागतही नव्हता.

मीच विषय काढला. आणि एनडीएत तीन वर्षं रगडा खाल्लेला माणूस जे करतो तेच केलं, कागद घेऊन अप्रिसिएशन लिहायला बसलो. उद्देश, घटक, पर्याय, योजना. पहिल्या ओळीवरच अडलो. मी लिहिलं : 'उद्देश – ऑफ-रोड शर्यतीसाठी किफायतशीर आणि वेगवान गाडी.' चिरंजीवांनी वाचलं, पेन घेतलं आणि 'वेगवान' खोडलं. वर लिहिलं, 'मोडली तर परत चालणारी.'

मी काही बोललो नाही. उद्देश बदलला की पुढचा सगळा कागद बदलतो, हे अकादमीत कानीकपाळी ओरडून शिकवलेलं असतं.

तर साहेब, पहिली गोष्ट ही. दुकानात आणि इंटरनेटवर रिमोटच्या गाड्या म्हणून जे विकतात त्यात दोन वेगळ्या जाती आहेत. एक खेळणं, दुसरी हॉबी ग्रेड. चित्रावरून फरक कळत नाही. ओळखायची खूण सांगतो. रिमोटचं चाक थोडंसं फिरवा. गाडीचं चाक थोडंसंच वळलं तर हॉबी ग्रेड. एकदम पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे गेलं तर खेळणं, कितीही महाग असो. दुसरी खूण : त्या मॉडेलचं नाव टाकून सोबत 'फ्रंट आर्म', 'गिअर', 'सर्वो' असे शब्द शोधा. सुटे भाग मिळाले, त्यांना नंबर असले आणि किंमत शे-दोनशेची असली, तर ती गाडी घेण्यासारखी. नाही मिळाले तर खोक्यावर वेग काहीही लिहिलेला असो, पान उलटा.

वेगाचं तर विचारूच नका. आमची बीएमपी-२ रस्त्यावर ताशी ६५ किलोमीटरने पळते, आणि इथे हातभर खेळण्याच्या खोक्यावर ७० लिहिलेलं. हिशोब करून बघितला. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. आमच्या ट्रॅकचा सरळ पट्टा ४० मीटरचा. म्हणजे ३६ च्या वेगानेसुद्धा चार सेकंदांत समोर वीट. नवशिक्या पोराला ७० ची गाडी देणं म्हणजे भरती झाल्या दिवशी त्याला बीएमपीच्या ड्रायव्हिंग सीटवर बसवणं. म्हणून ब्रशलेस मोटर आम्ही बाद केली. ती ताकदवान आणि टिकाऊ असते हे खरं, पण ती ताकद स्वस्त गाडीचे गिअर आणि शाफ्ट सोसत नाहीत. साधी ब्रशवाली ५४० किंवा ५५० मोटर घ्यावी. ब्रश झिजतात, पण मोटरच काही शे रुपयांत बदलता येते आणि बदलायला दोन स्क्रू पुरतात.

आकाराचं गणित. १/१० म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाची, साधारण ४०-४५ सेंटिमीटर लांब. खडबडीत जमिनीवर उत्तम, पण गाडी, बॅटरी, सुटे भाग सगळंच महाग. १/२४ वगैरे घरातल्या फरशीवर ठीक, गवताच्या काडीला अडतात. मधल्या १/१४ ते १/१६ मध्ये आपल्या बजेटचं काम होतं. चारही चाकांना जोर असलेली घ्यावी, वाळूत दोन चाकांची गाडी शेपूट हलवत बसते. आणि बग्गी घ्यावी, मॉन्स्टर ट्रक नाही. ट्रक दिसायला जबरदस्त, पण उंच असल्याने वळणावर कोलांट्या मारतो. कोलांट्या मारण्याचा मला अकादमीतला पुरेसा अनुभव आहे, त्यात वेळ फार जातो.

इथवर कागद छान भरला. मग अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

आमच्या बजेटमध्ये बसणाऱ्या, सुटे भाग मिळणाऱ्या गाड्यांची यादी केली तर जवळजवळ सगळ्या चिनी. जपानच्या तामिया कंपनीच्या गाड्या आहेत, १९८४ पासूनचं त्यांचं 'ग्रासहॉपर' मॉडेल आजही लोक प्रेमाने जोडतात. पण तो किट असतो, रेडिओ, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यायचे, सगळी बेरीज आमच्या आकड्याच्या बरीच वर जात होती. अमेरिकन ट्रॅक्ससचं तर नुसतं बघायचं. आणि मी तर १५ जून २०२० नंतरचे हिवाळे तिकडे वर काढून आलेला माणूस. गलवानमध्ये आपले २० जण गेले. त्यानंतर घरात एक अलिखित नियम झाला होता, शक्यतो तिकडचं काही आणायचं नाही. पोराने तो नियम न सांगता पाळला होता. यादी बघून तोच म्हणाला, "चिनी आहेत सगळ्या. राहू दे बाबा."

पुन्हा ते 'राहू दे'.

रात्री झोप आली नाही. ज्या फोनवर ही यादी केली तो कुठून आला हे मला माहीत होतं. चार्जर, राउटर, सौ.चं मिक्सर दुरुस्त करताना घातलेला स्विच, सगळं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने पैसे मोजणं वेगळं. ज्यांना हे मूर्खपणाचं वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. सगळ्यांनी असंच करावं असंही म्हणणार नाही. व्यवहाराचा मुद्दाही आहे. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. २०२१ पासून बीआयएसची खूणही सक्तीची. बाहेरून थेट मागवलेलं पार्सल किती दिवसांनी आणि कितीला पडेल याचा नेम नाही.

मार्ग काढला कोर्समेटने. कोर्समेट हा प्राणी यासाठीच असतो. तो नोकरी सोडून पुण्यात स्थायिक झालाय, त्याचा मुलगा इंजिनिअरिंगला बाहेर गेला. घरात १/१४ ची एक बग्गी धूळ खात पडलेली, दोन बॅटऱ्या आणि सुट्या भागांच्या डब्यासकट. फुकट देत होता, मी साडेपाच हजार जबरदस्तीने पाठवले. जुनी गाडी म्हणजे नवा पैसा पलीकडे जात नाही, असं मी घरात जाहीर केलं. सौ.ने विचारलं, "आणि सुटे भाग?" मी पेपर उघडला.

जुनी गाडी घेणार असाल साहेब, तर एवढं नक्की बघा. गाडी उचलून मागचं एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेला गुळगुळीत फिरलं तर डिफ शाबूत. मध्येच अडखळलं, टकटक झाली तर दात गेलेत. प्रत्येक चाक धरून डावी-उजवीकडे हलवा, फार खेळ असेल तर बेअरिंग गेली, पण ती स्वस्त असतात, त्यासाठी भाव पाडून घ्या. गाडी बंद असताना पुढून दाबून सोडा, शॉकॲब्सॉर्बर हळू वर यावेत. टणकन उसळले तर त्यातलं तेल गळलंय. आणि बॅटरी. फुगलेली बॅटरी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

बॅटरीवर जरा जास्त लिहितो, कारण नातू लहान आहे. या गाड्यांत बहुधा ७.४ व्होल्टची लायपो असते, आत दोन सेल. पूर्ण भरली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट. तीनच्या खाली गेला की तो सेल कायमचा खराब होऊ लागतो. म्हणून गाडी मंदावली की थांबायचं, 'अजून एक चक्कर' करायचं नाही. शर्यतीतून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. बिकानेरला मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तर आम्ही सकाळी सहालाच खेळ उरकायचो आणि चार्जिंग संध्याकाळी कूलरच्या खोलीत. चार्जिंग मातीच्या कुंडीत ठेवून, समोर माणूस बसलेला असतानाच. रात्रभर लावून झोपायचं नाही. हा हुकूम समजा.

पहिल्या तीन रविवारी चिरंजीव शेवटून दुसरा आला आणि खूश होता. चौथ्या रविवारी दुसऱ्या धोऱ्यावरून उडी घेतली, गाडी तिरकी पडली आणि गेरू लावलेल्या विटेवर आदळली. पुढचं डावं चाक लोंबकळायला लागलं. मी पंचवीस पावलांवर उभा होतो. तो गाडीपाशी गेला, उचलली, उलटी करून बघितली. बाकीची पोरं पुढच्या फेरीला लागली. तो काही न बोलता माझ्या बाजूने घराकडे चालू लागला आणि मला ते कपाटावरचं खोकं दिसायला लागलं.

घरी पोचलो तर तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसला होता. ॲलन कीचा संच उघडलेला. "बाबा, आर्म शाबूत आहे, चाक धरणारा कप तुटलाय," म्हणाला. "नंबर काय असेल त्याचा?"

आम्ही डब्यात शोधलं, नेमका तोच भाग नव्हता. ऑनलाईन सापडला, दोनशे चाळीस रुपयांना जोडी, पोचायला अकरा दिवस. (हो, तिकडूनच आला असणार. सौ. काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण.) मधल्या रविवारी काय करायचं? मी गोंदाने चिकटवून पाहिलं, चाक लावताच पुन्हा तुटलं. मग आमच्या एलएडीमधल्या हवालदार उस्तादांना विचारलं. हरयाणाचे, वीस वर्षं बीएमपीच्या पोटात हात घालून काढलेली. ते संध्याकाळी घरी आले, चहा बाजूला ठेवला, तुटका भाग उजेडात धरून बघितला आणि पोराला म्हणाले, "बाबा, गाड़ी टूटती वहीं है जहाँ ज़ोर पड़ता है। पहले ये देखो कि टूटा क्यों।" लष्करात साहेबाच्या पोराला 'बाबा' म्हणतात. आमच्या घरात बाबा दोन झाले होते आणि त्या संध्याकाळी तज्ज्ञ बाबा मी नव्हतो.

कारण निघालं मजेशीर. विटेचा दोष निम्माच. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल नव्हतं, म्हणून उडीचा सगळा दणका कपावर जात होता. हे मीच घेताना तपासायला हवं होतं. मघाशी वर तुम्हाला ऐटीत सांगितलं ते तपासणीचं शहाणपण या दिवसाचं आहे. उस्तादांनी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा वाकवून, दोन बारीक स्क्रू मारून तात्पुरती फळी बांधली. हाडाला बांधतात तशी. रविवारी गाडी धावली, कुथत, पण धावली.

मग तो सिलसिलाच झाला. वाळू बारीक असते आणि तिच्यात लोहाचे कण असतात, मोटरच्या चुंबकाला ते चिकटून बसतात. दर रविवारी ब्रश मारून, हवा मारून काढायचे. उघड्या गिअरला ग्रीस लावायचं नाही, ग्रीसवर वाळू बसली की तोच सँडपेपर. हे मला पटत नव्हतं. गिअर म्हटलं की ग्रीस, हे आमच्या रक्तात. उस्ताद आणि चिरंजीव एका बाजूला, मी एका बाजूला. एक आठवडा माझ्या पद्धतीने चालवली, गिअर झिजला, नव्वद रुपये गेले. मोटरचा छोटा गिअर आणि मोठा गिअर यांच्यात किती फट हवी ते ठरवायला मध्ये कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवून कागद काढून घ्यायचा. कागद चुरगळून पण न फाटता बाहेर आला की फट बरोबर. हे त्याने मला शिकवलं. अकादमीत एरोमॉडेलिंग क्लबमध्ये मी बाल्साचं ग्लायडर केलं होतं, ते पहिल्याच उड्डाणात झाडावर गेलं आणि तिथेच राहिलं. यापलीकडे माझी पात्रता नाही.

टेबलावर हात कामात असले की तो बोलायचा. स्क्रू काढताना शाळेतलं एखादं भांडण, चाक बसवताना एखाद्या पोरीचं नाव अर्धवट. वर मान केली की बंद. म्हणून मी मान वर करायचो नाही. डोळ्यांवर चष्मा आला त्याला हेही एक कारण असावं.

शर्यत तो एकदाच जिंकला. जोरदार ब्रशलेसवाल्या एका गाडीचा शाफ्ट शेवटच्या फेरीत तुटला आणि आमची रखडत रखडत पहिली आली. त्या पोराला दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनीच सुटा भाग शोधून दिला. नंबरासकट.

फेब्रुवारीत माझी बदली आली. पुन्हा फील्ड. शाळेसाठी सौ. आणि चिरंजीव पुण्यात क्वार्टर घेऊन राहिले. सामान बांधताना गाडीचा डबा त्याने स्वतः बांधला, वर 'नाजूक' लिहिलं आणि ट्रकमध्ये न देता मांडीवर घेऊन आला. बॅटऱ्या मात्र वेगळ्या, अर्ध्या चार्जवर, सेलला ३.८ च्या आसपास. पूर्ण भरून किंवा रिकाम्या ठेवल्या तर महिनोन्‌महिने टिकत नाहीत. हे त्याने मला न विचारता केलं होतं.

सुभेदार साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : दहा हजारांत बसेल. सात-आठची गाडी घ्या आणि उरलेल्यात जास्तीची एक बॅटरी, पुढच्या दोन्ही बाजूंचे आर्म आणि कप, एक चांगला ॲलन कीचा संच. पूर्ण दहाची गाडी घेऊ नका. आणि पहिल्या दिवशी नातवाला शर्यतीला नेऊ नका, आधी त्याच्यासोबत खालचे सगळे स्क्रू एकदा उघडून परत बसवा.

मी हे जिथून लिहितोय तिथे आठवड्यातून दोनदा नीट रेंज येते. परवा फोन लागला तेव्हा चिरंजीव म्हणाले, मोटरच्या गिअरचा बारीक स्क्रू सारखा ढिला होतोय, लॉकटाइटचा थेंब टाकलाय. मी विचारलं, "फट बघताना कागद घातला होतास ना?"

"घातला होता रे. तू सुट्टीवर कधी येतोयस ते सांग. मागचा डिफ उघडायचाय, आतले वॉशर एकट्याच्याने धरले जात नाहीत."